खोकला जात नाहीये? आधी बीपीच्या गोळीचं नाव वाचा

डिसेंबरात पुण्यात कोणी खोकत असेल तर त्याला गोळीबद्दल कोणीच विचारत नाही. थंडी पडलीये, रस्ते खणून ठेवलेत, ज्या गल्लीत बघावं तिथे जुनी बिल्डिंग पाडून रिडेव्हलपमेंट चाललंय, मग खोकला येणारच ना, असं सगळे म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण या सगळ्यात एक खोकला लपून राहतो, आणि तो येतो रोज सकाळी न चुकता घेतल्या जाणाऱ्या बीपीच्या गोळीमुळे. ज्याला येतो त्याला हे महिनोन्महिने माहीतच नसतं. सवाईच्या मंडपात आलाप रंगात आलेला असताना तोंडावर रुमाल धरून बाहेर पळणारी जी माणसं दिसतात, त्यातल्या एखाद-दोघांचा खोकला नक्की या जातीचा असणार असं मला दरवर्षी वाटतं.

मी फार्मासिस्ट आहे, मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, त्यामुळे डॉक्टरांकडे जायच्या आधी लोक काय काय करून बघतात ते रोज दिसतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी कफ सिरपमुळे लहान मुलं दगावली, तेव्हापासून तर मोठी माणसंही बाटली हातात घेऊन आधी विचारतात, "हे सेफ आहे ना?" विचारायलाच पाहिजे. पण तुम्हाला बीपी असेल, गोळी चालू असेल आणि कोरडा खोकला हटत नसेल, तर कुठलं सिरप चांगलं याच्याही आधीचा प्रश्न आहे, की मुळात सिरप लागतंय का.

## कुठली गोळी?

बीपीच्या सगळ्या गोळ्यांनी खोकला येत नाही, हे पहिलं डोक्यात पक्कं करा. औषधांचा एकच गट यासाठी ओळखला जातो, त्याला एसीई इनहिबिटर म्हणतात, आणि ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे औषधाच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं. रॅमिप्रिल, एनलाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, कॅप्टोप्रिल. इथून पुढे मी यांना नुसतं प्रिल म्हणेन.

अडचण अशी की आपल्याला गोळी कंपनीच्या नावाने माहीत असते, आणि त्या नावात 'प्रिल' असेलच असं नाही. म्हणून स्ट्रिप उलटी करा, चष्मा लावा आणि आत काय आहे ते वाचा, आम्ही दुकानात त्याला सॉल्ट म्हणतो. पुष्कळदा एका गोळीत दोन औषधं असतात, म्हणजे पेरिंडोप्रिल आणि अम्लोडिपिन, किंवा रॅमिप्रिल आणि लघवी वाढवणारं औषध, तेव्हा पहिलं नाव वाचून थांबू नका. स्ट्रिप कापून कापून अर्धी झाली असेल आणि नाव गेलं असेल तर ज्या दुकानातून घेता तिथे दाखवा, दोन मिनिटांत सांगतील.

आणि खोकला कसा असतो? कोरडा. घशात सारखी खवखव, गुदगुल्या झाल्यासारखं, आणि मग ढास लागते ती लागतेच. कफ नाही, ताप नाही, नाक वाहत नाही. पाणी प्यायलं की दोन मिनिटं बरं, परत सुरू. बऱ्याच जणांना रात्री आडवं झाल्यावर जास्त होतं आणि मग घरात कोणाचीच झोप होत नाही.

## गोळी पोटात जाते, खोकला घशात कसा?

हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्या शरीरात एसीई नावाचं एक एन्झाइम असतं, एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारा पदार्थ. हे फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर भरपूर असतं. त्याची कामं दोन. एक, अँजिओटेन्सिन नावाचा पदार्थ तयार करून द्यायचा, जो रक्तवाहिन्या आवळतो, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो, आणि त्यामुळे बीपी चढतं. दुसरं काम, ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साचू न देता मोडून टाकायचा.

आता समजा तुमच्या सोसायटीत एक मामा आहेत. पाण्याचा व्हॉल्व्ह तेच उघडतात आणि मजल्यामजल्यावरचा कचराही तेच उचलतात. पाण्याचं प्रेशर इतकं वाढलं की नळ निघून यायला लागले, म्हणून कमिटीने मामांनाच सुट्टी देऊन टाकली. व्हॉल्व्ह उघडायला कोणी नाही, प्रेशर खाली आलं, सगळे खूश. पण कचराही कोणी उचलला नाही, आणि काही दिवसांनी जिन्यात वास सुटला. प्रिल गोळी करते ते हेच, एसीईला कामावरून बसवते. अँजिओटेन्सिन कमी होतं, बीपी उतरतं, पण ब्रॅडिकायनिन साचत जातं. त्याच्यासोबत सबस्टन्स पी नावाचा अजून एक पदार्थ, जो एसीईच मोडतं, तोही साचतो. श्वासनलिकेत खोकल्याचा इशारा देणाऱ्या ज्या नसा असतात त्या या दोघांमुळे हळव्या होतात आणि एरवी ज्याची दखलही घेतली नसती अशा साध्या कारणाने, थंड हवेची झुळूक, दोन वाक्यं जोरात बोलणं, फोडणीचा वास, लगेच ढास लागते.

ब्रॅडिकायनिन तसं वाईट नाही हं. ते रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणजे बीपी उतरवायला त्याचा थोडा हातभारच लागतो. फक्त ज्यांच्या नसा त्याला जास्त दाद देतात त्यांच्या घशाला ते भोवतं.

## ब्राझीलचा साप

"कंपनी खराब असेल, दुसरी कंपनी द्या" असं म्हणणारे खूप असतात, त्यांच्यासाठी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. १९४९ साली तिथले शास्त्रज्ञ मॉरिसियो रोशा ई सिल्वा आणि त्यांचे सहकारी या सापाच्या विषाचा रक्तावर काय परिणाम होतो ते बघत होते, तेव्हा त्यांना ब्रॅडिकायनिनचा शोध लागला. पुढे १९६० च्या दशकात त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या सर्जिओ फेरेरा यांच्या लक्षात आलं की या विषातच असं काहीतरी आहे जे ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवतं. फेरेरा ते घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले, तिथे कळलं की ते एसीईला अडवतं, आणि मग अमेरिकेत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी त्या धाग्यावरून तोंडाने घेता येईल असं औषध बनवलं, कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं आणि त्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात यायला लागलं की काही पेशंटना याने खोकला येतोय.

म्हणजे बघा, ज्या विषातून हे औषध सापडलं ते ब्रॅडिकायनिन वाढवणारंच होतं. औषधाचा गुण आणि खोकला दोन्ही एकाच मुळातून आलेत. गोळी बनावट आहे, जुनी आहे, कंपनी हलकी आहे असला काही प्रकार नाही, आणि म्हणून ब्रँड बदलून काही होत नाही कारण सॉल्ट तेच राहतं.

## किती जणांना होतं, आणि मलाच का?

साधारणपणे प्रिल घेणाऱ्या १०० जणांत ५ ते २० जणांना होतो असं धरतात. अभ्यासाअभ्यासाला आकडा बदलतो, कारण खोकला कशाला म्हणायचं आणि विचारायचं कसं यावर बरंच अवलंबून असतं. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. सिगारेट न ओढणाऱ्यांना ओढणाऱ्यांपेक्षा जास्त होतो (म्हणून कोणी सिगारेट सुरू करू नका, विनंती आहे). चीन-जपानकडच्या लोकांमध्ये खूपच जास्त दिसतो.

म्हणजे एकाच घरात नवरा-बायको दोघं तीच गोळी घेतायत, त्यांना काही नाही आणि हिलाच खोकला, हे अगदी शक्य आहे. "यांना तर काही होत नाही" हा पुरावा नाही.

## "पण मी तर केव्हापासून घेतेय"

गोळीवरचा संशय सगळ्यात जास्त वेळा इथेच उडून जातो. परवा एक काकू आल्या, रोजच्या ओळखीच्या, स्वेटर, कानाला रुमाल बांधलेला, हातात रिकामी बाटली. म्हणाल्या, "अगं, हे सिरप संपलं, अजून एक दे, का दुसरं चांगलं आहे काही?" मी विचारलं, "काकू, बीपीची कुठली गोळी चालू आहे?" त्या जरा वैतागल्याच, "बीपीचं काय मध्येच, ती तर मी उन्हाळ्यापासून घेतेय, खोकला आत्ता नवरात्रात सुरू झाला." पर्समधून स्ट्रिप काढली, मागे लिहिलं होतं रॅमिप्रिल.

आपल्याला वाटतं औषध बाधायचं असतं तर पहिल्या आठवड्यातच बाधलं असतं. पुरळ, उलटी, चक्कर यांचं बहुतेक तसं असतं. या खोकल्याचं तसं नाही. काहींना पहिल्या डोसनंतर काही तासांत सुरू होतो, बऱ्याच जणांना काही आठवड्यांनी, आणि काहींना चक्क काही महिन्यांनी. उन्हाळ्यात सुरू केलेल्या गोळीचा खोकला थंडीच्या तोंडावर आला तर कोण गोळीला धरणार? हवेलाच धरणार. काकूंना मी सिरप दिलं नाही, डॉक्टरांना फोन लावून दिला, कारण गोळी बदलायचं काम माझं नाही, त्यांचं आहे.

बायकांचं अजून एक आहे जे काउंटरवर कोणी मोठ्याने बोलत नाही. पन्नाशी-साठीनंतर सारखी ढास लागली की खोकताना थेंबभर लघवी होते. मग भिशीला जाणं बंद, देवळात जाणं बंद, पीएमपीने लांब जायचं तर नकोच. घरच्यांना वाटतं आई हल्ली बाहेर पडत नाही, कंटाळली असेल. हे डॉक्टरांना सांगा, लाजू नका, कारण खोकला थांबला की पुष्कळदा हेही थांबतं. हर्नियाचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनीही असला खोकला अंगावर काढू नये.

## सिरप, सर्दीच्या गोळ्या आणि ज्येष्ठमध

गोळीमुळे आलेल्या खोकल्याला सिरप फारसं लागू पडत नाही, कारण साचलेलं ब्रॅडिकायनिन सिरपने कमी होत नाही. तेवढ्यापुरतं पैसे वाया गेले म्हणून सोडून देता आलं असतं. पण सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये आणि गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन असतं, आणि ते रक्तवाहिन्या आवळून काम करतं, म्हणजे बीपी वाढवू शकतं. मग काय होतं बघा, बीपीच्या गोळीने खोकला आला, खोकल्यासाठी सिरप घेतलं, सिरपने बीपी वर गेलं, डॉक्टरांना सिरपबद्दल सांगितलंच नाही कारण ते काय साधं सिरप, आणि त्यांनी बीपीचा डोस वाढवला. एका औषधाचा त्रास झाकायला दुसरं आणि दुसऱ्यासाठी तिसरं, अशी ही साखळी वयस्कर माणसांच्या बाबतीत फार पटकन तयार होते आणि मग डबीतल्या गोळ्या वाढतच जातात.

घरगुती उपायांत मध, गरम पाणी, मिठाच्या गुळण्या (पाणी थुंकून टाका, मीठ पोटात नको) याने नुकसान नाही, घशाला जरा आराम पडतो. पण ज्येष्ठमधाबद्दल मात्र सांगायलाच हवं. खोकला म्हटलं की आपल्याकडे ज्येष्ठमधाची काडी पहिली तोंडात जाते, गाणारे लोक तर कायम जवळ ठेवतात. त्यात ग्लिसरायझिन नावाचा घटक असतो, तो रोज भरपूर पोटात गेला तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी चढतं. एखादा तुकडा चघळला म्हणून काही होत नाही, पण बीपीच्या माणसाने महिनाभर रोज दिवसभर ज्येष्ठमध चघळणं बरोबर नाही. आयुर्वेदिक आहे म्हणजे चालतंच, असं बीपीच्या बाबतीत धरून चालू नका.

## मग गोळी बंद करू का?

स्वतःच्या मनाने नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण खोकल्यापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटते. कोणीतरी वाचतं की प्रिलने खोकला येतो, गोळी बंद करतं, खोकला थांबतो, माणूस खूश होतो, आणि मग बीपीची गोळी कायमचीच बंद राहते. बीपी वाढलेलं जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि आत मेंदू, हृदय, किडनी यांच्यावर ताण पडत राहतो.

आणि ही गोळी साधी नाही. २००० साली होप नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पंचावन्न आणि त्यापुढचे ९,२९७ पेशंट होते, हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, किंवा डायबेटिससोबत अजून एखादा धोका असलेले. सुमारे पाच वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू यातलं काही ना काही झालेले रॅमिप्रिल घेणाऱ्यांत १४ टक्के होते आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत १७.८ टक्के. त्याच अभ्यासात खोकल्यामुळे गोळी सोडणारे रॅमिप्रिलच्या बाजूला ७.३ टक्के आणि नुसत्या गोळीच्या बाजूला १.८ टक्के. या दुसऱ्या आकड्यात दोन गोष्टी दिसतात. गोळीने खोकला खरंच येतो, मनाचे खेळ नाहीत. आणि औषध नसलेली गोळी घेऊनही काही लोक खोकतातच, म्हणजे प्रिल चालू असलेल्या माणसाचा प्रत्येक खोकला गोळीचाच असतो असंही नाही.

हार्ट अटॅक येऊन गेलाय, हृदयाचं पंपिंग कमी आहे, डायबेटिसमुळे लघवीतून प्रोटीन जातंय, अशांना प्रिल नुसती बीपीसाठी दिलेली नसते, हृदय आणि किडनी सांभाळायला दिलेली असते. अशा माणसाने एक दिवसही स्वतःच्या मनाने सोडू नये. फोन करा, दोन दिवसांत जाऊन या, खोकला तेवढा वेळ थांबू शकतो.

## डोस अर्धा केला तर? दुसरी प्रिल घेतली तर?

दोन्हीचा सहसा उपयोग होत नाही. हा खोकला डोसवर फारसा अवलंबून नसतो, कमी डोसमध्येही येतो. आणि रॅमिप्रिल सोडून एनलाप्रिल घेतलं तरी काम तेच, एसीईला बसवायचं, म्हणून त्रासही तोच. काही जणांचा खोकला गोळी चालू असताना आपोआप कमी होतो, पण सौम्य असेल आणि डॉक्टर म्हणत असतील तरच तेवढी वाट बघावी.

## बदली गोळी आहे, आणि ती कमजोर नाही

बहुतेक वेळा डॉक्टर 'सार्टन' गटातली गोळी देतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, व्हालसार्टन. ही गोळी मामांना सुट्टी देत नाही. मामा रोज येतात, व्हॉल्व्ह उघडतात, कचराही नेतात, फक्त आपण आपल्या घरात येणारा पाइप बंद केलाय. म्हणजे अँजिओटेन्सिन तयार होतं, पण ते जिथे जाऊन चिकटतं ती जागाच अडवलेली असते, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जात नाहीत. एसीई मोकळं असल्याने ब्रॅडिकायनिन मोडलं जातं आणि घसा शांत राहतो.

"पण डॉक्टरांनी आधी जी दिली तीच भारी असणार ना?" असं विचारतात. २००८ मध्ये ऑनटार्गेट नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, २५,६२० पेशंट, काहींना रॅमिप्रिल, काहींना टेल्मिसार्टन, काहींना दोन्ही. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे टाळण्यात टेल्मिसार्टन रॅमिप्रिलच्या मागे पडलं नाही. खोकल्यामुळे गोळी सोडावी लागलेले रॅमिप्रिलचे ४.२ टक्के आणि टेल्मिसार्टनचे १.१ टक्के. आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना जास्त फायदा काहीच झाला नाही, उलट बीपी फार उतरणं, चक्कर, किडनीच्या तक्रारी वाढल्या.

हे शेवटचं वाक्य घरी नीट लक्षात ठेवा, कारण नवी सार्टन सुरू होते आणि जुन्या प्रिलच्या अर्ध्या स्ट्रिपा डब्यातच राहतात, "टाकायच्या कशाला, पैसे दिलेत" म्हणून आजोबा दोन्ही घेत राहतात. नवी सुरू झाली की जुनी घरातून काढून टाका.

मग पहिल्यापासून सार्टनच का नाही देत? आता बरेच डॉक्टर देतात. देशातल्या सरकारी उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात, जो २०१७ मध्ये सुरू झाला आणि ज्यात पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता, त्यातही प्रिलऐवजी अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन यांच्यावर भर आहे. पण प्रिल आधी आल्या, पहिली सार्टन म्हणजे लोसार्टन १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, त्यामुळे हार्ट फेल्युअर आणि अटॅकनंतरच्या पेशंटमधला प्रिलचा अनुभव मोठा आहे आणि हृदयाचे डॉक्टर त्यासाठी प्रिल निवडत असतील तर त्याला कारण असतं. हार्ट फेल्युअरमध्ये सॅक्युबिट्रिल आणि व्हालसार्टन अशी एकत्र गोळीही देतात, ती प्रिल थांबवल्यावर निदान ३६ तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत, म्हणून असली अदलाबदल घरच्या घरी कधीच करायची नाही.

सार्टन म्हणजे काळजी संपली असंही नाही. प्रिलसारखंच सार्टनवरही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून सुरू केल्यावर क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी सांगतात ती टाळू नका. बीपीसाठी चांगलं म्हणून जे कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर प्रिल आणि सार्टन दोन्ही चालत नाहीत, लगेच सांगायचं.

## बदलल्यावर किती दिवसांत थांबेल?

उद्या सकाळी नाही. बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींचा तीन महिन्यांपर्यंत रेंगाळतो. चौथ्या दिवशी "नवी गोळी घेऊनही खोकला आहेच" म्हणून परत येणारे खूप असतात, थोडा धीर धरा. या खोकल्यासाठी रक्ताची वगैरे कुठली तपासणी नाही, गोळी थांबवली आणि खोकला गेला, हाच पुरावा.

पण गोळीवर संशय आहे म्हणून बाकी काही बघायचंच नाही असं करू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर टीबीची तपासणी करायची, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आडवं झालं की दम लागतो, दोन उशा घ्याव्या लागतात, पायावर सूज आहे, तर तो हृदयाचा खोकला असू शकतो, तिथे वाट बघत बसायचं नाही. दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने, म्हणजे बीपीच्याच दुसऱ्या एका गटातल्या गोळीने, छाती भरून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येऊ शकतो, तो प्रकार वेगळा. ॲसिडिटीनेही खोकला होतो.

## हे दिसलं तर थांबायचं नाही

प्रिलचा खोकला जीवघेणा नाही. पण त्याच ब्रॅडिकायनिनमुळे क्वचित, हजारात काही मोजक्या जणांना, ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा एकदम सुजतो. खाज नसते, पुरळ नसतं, त्यामुळे ॲलर्जी वाटत नाही, काहीतरी चावलं असेल म्हणून लोक बर्फ लावत बसतात. जीभ जड झाली, आवाज बदलला, गिळता येईना, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि सरळ १०८ ला फोन करून हॉस्पिटल गाठायचं. गोळी बंद करायला डॉक्टरांची वाट बघायची नाही अशी ही एकच वेळ. हे सुरू केल्यानंतर कितीही महिन्यांनी होऊ शकतं, आणि एकदा झालं की त्या माणसाला आयुष्यात परत कुठलीच प्रिल द्यायची नाही.

## डॉक्टरांकडे जाताना

गोळीची स्ट्रिप न्या, नुसती "ती पांढरी बारीक गोळी" म्हणून सांगू नका. गोळी कधी सुरू झाली आणि खोकला कधी सुरू झाला हे दोन्ही महिने आठवून कागदावर लिहा. मधल्या काळात घेतलेली सिरपं, काढे, सर्दीच्या गोळ्या, सगळं सांगा. घरी मशीन असेल तर चार दिवसांचं बीपी लिहून न्या. आणि सरळ विचारा, "हा खोकला या गोळीचा असेल का?" डॉक्टरांना याचा राग येत नाही, उलट त्यांचं काम सोपं होतं, गर्दीच्या ओपीडीत खोकल्याचा पेशंट आणि बीपीचा पेशंट हे दोन वेगळे कागद असतात आणि ते एकत्र बघायला तुम्हीच मदत करू शकता.

औषधाचा त्रास झाला तर पेशंट स्वतःही कळवू शकतो, त्यासाठी सरकारचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४.

गोळी बदलून खोकला गेला की फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कुठली प्रिल, कोणत्या महिन्यात, खोकला आला म्हणून बंद. त्याचा फोटो मुलांच्या फोनवरही पाठवा. कारण दोन-तीन वर्षांनी वेगळ्याच कारणासाठी वेगळ्याच हॉस्पिटलात ॲडमिट व्हाल, तिथला नवा डॉक्टर बीपी बघून डिस्चार्जच्या कागदावर परत रॅमिप्रिल लिहील, आणि तेव्हा हे सांगणारं तुमच्या शेजारी कोणी असेलच असं नाही.